एकशे शहाऐंशी वेळा 'नाही'

(माणिकपूर, मे २००३. सहजीवन संकुलातला तळमजल्यावरचा एक फ्लॅट, रविवारी दुपारी साडेतीन. विमा कचेरीच्या संगणक खात्यातून निवृत्त झालेल्या वसुंधरा टिपणीस आणि वरच्या मजल्यावरचा नवा इंजिनिअर सुमेध एकाच पडद्यापुढे बसलेत. पडद्यावर वाळूचं घड्याळ आहे, आणि ते मघापासून हललेलं नाही.)

वसुंधरा: अजून किती वेळ बघायचं हे?

सुमेध: काकू, दोन मिनिटं. कधी कधी लोड घेतं.

वसुंधरा: पंधरा मिनिटं झाली. एवढ्या वेळात गास गावच्या विहिरीवरनं टँकर भरून निघाला असता.

सुमेध: कालपर्यंत, तीन आठवडे मस्त चालत होतं, शप्पथ. सकाळी सहाला बटन दाबलं की दोन सेकंदांत यादी तयार. कुठल्या इमारतीला पहिला टँकर, कुठल्या इमारतीला शेवटचा, सगळं एकदम क्लीन. आज सकाळपासून हँग. शेवटी कालचीच यादी पुन्हा छापून दिली.

वसुंधरा: वा. आणि पाच वाजता सभेत काय करणार? कालचीच सभा पुन्हा भरवणार?

सुमेध: म्हणून तर तुमच्याकडे आलो ना. महासंघाच्या अध्यक्षांनी, श्रीरंगकाकांनी, प्रोजेक्टर आणलाय. सगळ्या महासंघासमोर 'जलदूत' लाइव्ह चालवून दाखवायचंय. त्यानंतर सत्कार.

वसुंधरा: कुणाचा?

सुमेध: म्हणजे... माझाच.

वसुंधरा: शाल-श्रीफळ?

सुमेध: आईनं विरारहून मामाला पण बोलावलंय.

वसुंधरा: मे महिन्यात शाल. घे हो, घे. गुदमरलास तर वारा घालायला मामा आहेच.

सुमेध: काकू, प्लीज. टिंगल नंतर करा. दुसऱ्या दोन संकुलांची माणसं बघायला येणारेत. आज चाललं तर त्यांच्याकडेही लागेल.

वसुंधरा: मग मला कशाला बोलावतोस? पत्रिका आलीय माझ्याकडे. 'संगणक अभियंता सुमेध यांनी स्वबुद्धीनं निर्माण केलेली अत्याधुनिक प्रणाली.' स्वबुद्धीला विचार की, का अडलीस म्हणून.

सुमेध: ते श्रीरंगकाकांनी लिहिलं. मी नाही.

वसुंधरा: पण खोडलंही नाहीस.

सुमेध: काकू, आत तुमचाच प्रोग्राम आहे.

वसुंधरा: कुठे आत?

सुमेध: मागे. तुमचा तो सी भाषेतला काळ्या पडद्याचा 'पाणी' आहे ना, त्याला माझा कोड आतून सुरू करतो. पण दिसू देत नाही. त्याचा इनपुट कोडच देतो, त्याचा आउटपुट कोडच घेतो आणि माझ्या खिडकीत छान टेबल करून दाखवतो. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं. रीडायरेक्शन म्हणतात त्याला.

वसुंधरा: काय म्हणतात ते मला नको सांगूस. तू बालवाडीत डबा सांडत होतास तेव्हा मी कार्डं पंच करत होते. म्हणजे बाहेर तू शाल पांघरून उभा, आणि आत मोरीत मी भांडी घासतेय.

सुमेध: असं नाही हो. पण काळा पडदा बघून लोक हसतात आता. आणि तुम्ही नाशिकला होतात.

वसुंधरा: मुलीच्या बाळंतपणाला गेले होते, संन्यास घेऊन नव्हे. सहा वर्षं मी रोज सकाळी ही यादी काढली. महिनाभर गेले आणि परवा परत येते तो काय, घराला खिडकी! दाखव तुझा कोड.

सुमेध: हा बघा. इथे प्रोग्राम सुरू होतो. ह्या तीन ओळी महत्त्वाच्या. इनपुट माझ्याकडे वळवला, आउटपुट वळवला, आणि ही एररची वाट, तीपण वळवली.

वसुंधरा: ती का वळवलीस?

सुमेध: पुस्तकातल्या उदाहरणात तिन्ही होत्या.

वसुंधरा: बरं. पुढे?

सुमेध: पुढे इनपुट पाठवतो. मग त्याचा आउटपुट शेवटपर्यंत वाचतो. मग तो संपेपर्यंत थांबतो. संपला की टेबल.

वसुंधरा: आणि एररच्या वाटेनं आलेलं कुठे वाचतोस?

सुमेध: ते... वाचत नाही. एरर आलीच नाही ना कधी.

वसुंधरा: न वाचताच कळलं, आली नाही म्हणून? सुमेध, प्रोग्रामला एक कान असतो आणि दोन तोंडं. एक कामाचं बोलायला, दुसरं तक्रार करायला. माझ्या काळ्या पडद्यावर दोन्ही तोंडांचं बोलणं दिसायचं. तू त्या दुसऱ्या तोंडाला नळी लावलीस आणि नळीचं दुसरं टोक कुणाच्याच हातात दिलं नाहीस.

सुमेध: मग? पडलं असेल आत काय आलं ते.

वसुंधरा: कुठे पडणार? नळीत चार हजार अक्षरं मावतात. थोडं बोलला तर राहतं आत पडून. नळी भरली आणि पलीकडून कुणी उपसलं नाही, की तो बिचारा अर्ध्या वाक्यावर थांबतो. तू त्याचं काम संपायची वाट बघतोयस आणि तो तू ऐकशील म्हणून थांबलाय. दोन व्याही दारात, 'आधी तुम्ही', 'छे छे, आधी तुम्ही'. आत जेवणं गार.

सुमेध: ओह! डेडलॉक! म्हणजे फक्त ती ओळ काढली की झालं? बस्स एवढंच? काकू, तुम्ही ग्रेट आहात. काढतो लगेच, साडेचारपर्यंत हॉलमध्ये पोचतो.

वसुंधरा: थांब जरा. शाल कुठे पळून जात नाहीये.

सुमेध: आता काय?

वसुंधरा: एकवीस दिवस गप्प बसलेला माणूस आज चार हजार अक्षरं तक्रार करतोय. काय म्हणतोय, ते ऐकावंसं नाही वाटत?

सुमेध: ते नंतर बघू ना. डेमो झाल्यावर.

वसुंधरा: आत्ता. ती ओळ काढ, आणि त्याला लपवतोस ती पण काढ. काळा पडदा दिसू दे. दाब बटन.

सुमेध: बरं. हे घ्या. आला पडदा. अरे बापरे! केवढं हे! वरती वरती धावतंय नुसतं.

वसुंधरा: रोमन लिपीत आहे, पण मराठीच आहे. वाच.

सुमेध: 'ए-एक: एकवीस दिवस काहीच नाही? फोन घेतले की नुसतंच एन दाबलंत?' 'ए-दोन: एकवीस दिवस काहीच नाही? फोन घेतले की...' सगळ्या इमारतींना तेच! बासष्ट ओळी! काकू, हे असलं कुणी लिहिलंय?

वसुंधरा: मी.

सुमेध: पण हे काय एरर मेसेज झाला? हे तर टोमणे आहेत.

वसुंधरा: मग? माझा प्रोग्राम आहे तो. बासष्ट इमारतींच्या संकुलात तीन आठवडे एकही माणूस आजारी नाही, एकही बाळंतीण घरी आली नाही, कुणी मेलं नाही, असं होतं का कुठे? झालं तर समजावं की यादी काढायला बसलेला माणूस झोपेत आहे. म्हणून बासष्ट ओळी. एक ओळ असती तर डोळ्याआड केली असती कुणी. मला वाटलं होतं, मीच कधी तापात असले-बिसले तर मला उपयोगी पडेल. तुझ्यासाठी लिहिलं असं तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुमेध: पण मी कुठे काय दाबलं? सगळं ऑटोमॅटिक आहे.

वसुंधरा: तेच विचारतेय. प्रोग्रामला इनपुट काय देतोस? दाखव.

सुमेध: हे. लूप आहे. एन, एंटर. एन, एंटर. एकशे शहाऐंशी वेळा.

वसुंधरा: का?

सुमेध: कारण तो सारखा थांबायचा, काकू! श्रीरंगकाकांनी तुमची फ्लॉपी दिली तेव्हा मी एकदा चालवून बघितला. प्रत्येक इमारतीला तीन प्रश्न. हो असेल तर एच दाबा, नाही असेल तर एन. एच दाबलं तर अजून फ्लॅट नंबर विचारतो. म्हणून एन दाबत गेलो. शेवटी एकदाची यादी आली. म्हटलं, हे माणसानं कशाला दाबायचं? कोडच दाबेल.

वसुंधरा: प्रश्न वाचलेस?

सुमेध: हां, म्हणजे... आजारी, बाळंतीण आणि मयत. मला वाटलं, जुनी काहीतरी सेटिंगं असतील.

वसुंधरा: मयत म्हणजे सेटिंग!

सुमेध: आणि आता तर दिसतही नाहीत. आउटपुटमधला 'यादी' या शब्दाच्या वरचा सगळा भाग मी कापून टाकतो. टेबलमध्ये घाण दिसते.

वसुंधरा: शाबास. समोरचा विचारतो, घरात कुणी गेलंय का? तू प्रश्न ऐकू येणार नाही अशी आधी व्यवस्था केलीस, आणि मग न ऐकता उत्तर दिलंस, नाही. रोज सकाळी एकशे शहाऐंशी वेळा. आमच्या कचेरीत एक साहेब असेच होते, पण त्यांनासुद्धा दुपारपर्यंत दम लागायचा.

सुमेध: मला कुणी सांगितलंच नाही ना, की ते प्रश्न खरे आहेत.

वसुंधरा: ते मात्र खरंय. नाशिकची गाडी पकडायच्या घाईत मी श्रीरंगच्या हातावर फ्लॉपी ठेवली आणि म्हटलं, 'तो विचारेल तसं सांगत जा.' बसून समजवायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं. आता ऐक. हे संकुल नवं होतं, विहिरी आटल्या होत्या, टँकरसमोर बायका बादल्यांनी मारामाऱ्या करत होत्या. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच नियम केला. ज्या इमारतीत आजारी माणूस, बाळंतीण किंवा मयत, तिथं पहिला टँकर. मग घर कुणाचं का असेना, कुठल्या देवाचं का असेना. नियम सगळ्यांचा, मी फक्त प्रोग्राममध्ये घातला. सकाळी सहा ते साडेसहा माझ्याकडे फोन यायचे. ज्याचा फोन, त्याला एच.

सुमेध: ते फोन आता ऑफिसात येतात. श्रीरंगकाका घेतात.

वसुंधरा: आणि काय सांगतात?

सुमेध: सांगतात की... आता वशिला बंद. आता संगणक ठरवतो.

वसुंधरा: आणि संगणक म्हणतो, मला कुणी सांगितलं तर मी ठरवीन. अशी ही अत्याधुनिक प्रणाली. सुमेध, तुझ्या त्या सभेच्या पत्रिकेवरचा विषय क्रमांक दोन काय आहे?

सुमेध: दोन... टँकरवाल्या हरेश्वरना कामावरून काढणं.

वसुंधरा: का काढायचं?

सुमेध: सोळा तारखेच्या पहाटे बी-सातमधले क्लेमेंट अंकल गेले. त्यांची बॉडी घरी आणली तेव्हा टाकीत थेंब नव्हता. आणि हरेश्वर टँकर घेऊन गेटासमोरून तसाच पुढे निघून गेला. थांबला नाही. सगळ्यांनी बघितलं. पूर्ण संकुल चिडलंय त्याच्यावर.

वसुंधरा: आणि विषय क्रमांक तीन?

सुमेध: माझा सत्कार.

वसुंधरा: क्रम छान लावलाय. आधी त्याची गाडी काढायची, मग तुला शाल घालायची. सोळाची यादी कुणी काढली होती?

सुमेध: काकू...

वसुंधरा: मी सांगू की तू सांगतोस?

सुमेध: मी. म्हणजे 'जलदूत'नं.

वसुंधरा: सोळा तारखेला सकाळी सहाला तो बिचारा काळा पडदा आत अंधारात बसून विचारत होता, 'बी-सात, मयत आहे का?' मी लिहिलेलं वाक्य आहे ते. आणि त्याला उत्तर मिळालं, एन.

सुमेध: बेल वाजली. कोण आहे?

वसुंधरा: हरेश्वरच असणार. मीच बोलावलंय. दार उघडंच आहे, या आत!

हरेश्वर: येतो बाय. पाय मातीचे हायत, भायेरच धुतो.

वसुंधरा: अहो या तसेच. हा सुमेध. ओळखता ना?

हरेश्वर: वळखतो तर! कॉम्प्युटरवाले भाऊ. रोज यांचीच यादी हातात असते. राम राम, भाऊ.

सुमेध: नमस्कार, काका.

हरेश्वर: बाय, तुमी बोलावलंत ते बरं झालं. मीच येनार व्हतो. ही बघा, सोळा तारखेची यादी. जपून ठेवलीय पिशवीत. सभेत दाखवनार. पन आदी तुमी बघा. बी-सात वर कुटं लिवलेलं हाय का?

वसुंधरा: नाही हो. सत्तावन्नाव्या नंबरवर आहे.

हरेश्वर: मीपन तेच वाचलं. दहा येळा वाचलं. घरी पोरीकडनं वाचून घेतलं. मला वाटलं, माजंच वाचायला चुकलं. मयत असंल आनि बी-सात खाली, असं आजवर कदी झालं नाय ना. तुमी काढत व्हता तवा नाय झालं.

सुमेध: पण काका, यादीत काही असो. गेटात मांडव दिसत होता ना? मग तुम्ही थांबला का नाहीत?

वसुंधरा: हां, हे बरं विचारलंस. आता उत्तर पण ऐक. कापू नकोस मधलं.

हरेश्वर: सांगतो ना, भाऊ. त्येच्या आठवडाभर आदी डी-चारला बाळंतीन आली. यादीत ती खाली व्हती. मी मनानंच गाडी आदी तिकडं नेली. अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं, धा मानसांम्होरं बोलले, 'कॉम्प्युटरपेक्षा तुला अक्कल जास्त हाय काय रे? पुन्ना यादी मोडलीस तर गाडी बंद.' मी म्हटलं, बरं साहेब. कॉम्प्युटरला सगळं म्हायती असंल. आमी काय, विहिरीवरची मानसं.

सुमेध: आणि सोळाला?

हरेश्वर: सोळाला मांडव बघितला. पायरीवर क्लेमेंटची बायको, रोझमेरीबाय, हुभी व्हती. हातात रिकामी बादली. क्लेमेंट मला वीस वर्सं वळखत व्हता. आमच्या वाडीतली केळी न्यायला सायकलवरनं यायचा. मी गाडी हळू केली. मंग अध्यक्षांचं बोलनं आठवलं. म्हटलं, कॉम्प्युटरनं खाली टाकलंय म्हंजे दुसरा टँकर आला असंल. काच वर केली आनि गेलो. पानी भरल्याली गाडी घेऊन गेलो, भाऊ. नंतर कळलं, शेजारपाजारच्यांनी कळश्यांनी पानी आनून त्येला आंघोळ घातली.

वसुंधरा: पाणी घ्या, हरेश्वर. बसा.

हरेश्वर: काढतील तर काढू देत, बाय. दुसरीकडं गाडी लागंल. पन मान्सं म्हनतात, हरेश्वरनं मयताला पानी दिलं नाय. ते बरोबर का चूक, तेवडंच मला सांगा. रातसार तेच डोक्यात फिरतंय. चुकी माजी असंल तर तसं सांगा.

वसुंधरा: सुमेध, त्यांनी विचारलंय. एन दाबायचं की एच, ते तू ठरव.

सुमेध: काका, चूक तुमची नाही.

हरेश्वर: मंग कॉम्प्युटरची?

सुमेध: नाही... म्हणजे तो प्रोग्राम रोज विचारतो की कुठल्या इमारतीत मयत आहे. त्या दिवशीही विचारलं.

हरेश्वर: इचारलं? आनि कोनी सांगितलं नाय?

सुमेध: सांगितलं. नाही म्हणून सांगितलं. मी आधीच सगळ्यांचं 'नाही' लिहून ठेवलं होतं. मला वाटलं, ते प्रश्न असेच आहेत.

हरेश्वर: असेच म्हंजे?

सुमेध: म्हणजे... कामाचे नाहीत.

हरेश्वर: अस्सं.

वसुंधरा: तुमच्याकडे शिव्या असतील तर इथे द्या, हरेश्वर. माझी ना नाही. त्याच्या वाट्याच्या माझ्याकडे होत्या तेवढ्या मी घालून संपवल्यात.

हरेश्वर: शिव्या काय द्यायच्या, बाय. बारकं पोर हाय. फोन वाजतोय तुमचा.

वसुंधरा: श्रीरंगच असणार. स्पीकर लावते, सगळ्यांना ऐकू येऊ दे. हॅलो?

श्रीरंग: नमस्कार, वसुंधराताई! सुमेध तिथेच आहे ना? चालू झालं का आपलं यंत्र? इकडे प्रोजेक्टर लागलाय, हार आलेत, माणसं जमायला लागलीत. मी 'संगणकयुगातले सहजीवन' असं छोटंसं भाषण पण तयार केलंय.

वसुंधरा: छोटंसं! मग अंधार पडायच्या आत आटपेल बहुतेक. बोला सुमेधशी.

सुमेध: काका, हँगचं कारण सापडलं. पण दुसरं एक सापडलं. सोळा तारखेची यादी चुकीची होती. 'जलदूत' मयताचं, आजाऱ्याचं काही विचारातच घेत नाही. हरेश्वरकाकांनी यादीप्रमाणेच गाडी नेली. त्यांचा काही दोष नाही.

श्रीरंग: अरे, हळू बोल! कोण कोण आहे तिथे?

सुमेध: काकू आणि...

वसुंधरा: मी आहे. बोला तुम्ही, मी काय परकी आहे का?

श्रीरंग: हे बघा, हा विषय क्रमांक दोनचा भाग झाला. तो संपतोय हरेश्वरवर, तर संपू द्या. समिती सदस्यांचं एकमत आहे. आणि सोळाला सकाळी क्लेमेंटच्या मुलाचा, वॉल्टरचा, मला फोन आला होता, हे कुठे निघायला नको. मी त्याला संगणकाचं सांगितलं होतं. उगाच गैरसमज व्हायचा.

सुमेध: म्हणजे तुम्हाला फोन आला होता?

श्रीरंग: अरे, रोज दहा येतात! संगणक असल्यावर मी कशाला मध्ये पडू? पारदर्शकता म्हणजे काय मग?

सुमेध: पण काका, मी सभेत हे सांगणार. विषय दोनच्या आधी.

श्रीरंग: वेडा आहेस का? पाहुणे आलेत बाहेरच्या संकुलांतून. तुझंच भविष्य आहे. बरं, सांगायचंच असेल तर एक मार्ग आहे. आत तो ताईंचा जुना प्रोग्राम आहे ना? त्यात दोष होता असं सांग. जुनं झालं, कालबाह्य झालं. आपण ते काढून तुझं संपूर्ण नवं बसवतोय असं मी जाहीर करतो. हरेश्वर वाचला, तू वाचलास, महासंघ वाचला. ताईंना काय फरक पडतो? त्या निवृत्तच आहेत.

वसुंधरा: श्रीरंगराव, मी ऐकतेय बरं का.

श्रीरंग: ताई, गैरसमज नको. तुमच्याविषयी आदरच आहे.

वसुंधरा: तो ऐकू आला. सुमेध, म्हण की तसं. मला शाल मिळणार नव्हती, आता ठपका मिळाला. काहीतरी मिळालं. आणि कुणी मला विचारायला आलं तर कोड अजून माझ्याकडे छापलेला आहे. कागदावर.

सुमेध: नाही, काका. जुन्या प्रोग्राममध्ये काही दोष नव्हता.

श्रीरंग: तुला काय माहीत? यंत्र आहे, चुकतं कधी कधी.

सुमेध: तो चुकला नाही. त्यानं विचारलं होतं.

श्रीरंग: कुणाला विचारलं होतं?

सुमेध: मला.

श्रीरंग: बरं. बरं! मग सत्काराचं विसर. हार परत पाठवतो. मामाला काय सांगायचं ते तू बघ. आणि बोलायचंच असेल तर सगळ्यांसमोर बोल, पण एक लक्षात ठेव. वॉल्टर आईला घेऊन आलाय. त्या पहिल्या रांगेत बसल्यात. त्यांच्यासमोर बोलावं लागेल.

सुमेध: येतो, काका.

वसुंधरा: ठेवला त्यानं. आता तो भाषण बदलायला बसला असेल. तू चेहरा धुऊन घे. आणि हे घेऊन जा, सोळाची यादी. हरेश्वर, देता ना?

हरेश्वर: घे, भाऊ. पिशवीसकट घे, घामानं वलं व्हईल.

सुमेध: काका, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. तुम्ही शेजारी असलात तर मला बोलता येईल.

हरेश्वर: येतो की. पन मी म्हागं दाराशी हुभा र्‍हानार. तू बोलताना माज्याकडं बघून नको बोलू. तिच्याकडं बघून बोल.